धुऱ्याएवढी रेघ

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं इंझोरी हे काळ्या जमिनीवर कपाशी, तूर आणि सोयाबीन पिकवणारं गाव. अशा गावाचा जुना नकाशा टेबलावर पसरला की दिसतात ती रेघांनी पाडलेली लहानमोठी शेतं, मध्ये गावठाण, कडेनं शीव. या नकाशांचं नेहमीचं प्रमाण एक इंचाला वीस साखळ्या असं होतं. साखळी ३३ फुटांची, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ६६० फूट भरतो. टोकदार पेन्सिलीची रेघ ०.२ मिलिमीटर जाड धरली, तर या नकाशावरची तेवढी रेघ प्रत्यक्ष शिवारात दीड मीटरहून जास्त, सुमारे पाच फूट जागा व्यापते. वऱ्हाडात दोन शेतांमधला धुरा पुष्कळदा याहून अरुंद असतो. ज्या धुऱ्यासाठी भावाभावांत बोलणं बंद होतं आणि दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात, तो नकाशावर रेघेच्या जाडीतच मावून जातो.

नकाशा काढणाऱ्यांना ही अडचण पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. दोर ताणला की वाढतो, साखळी वापरून झिजते, कागद पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो, शाई पसरते, हे त्यांच्या रोजच्या अनुभवातलं होतं. आखणीच्या साधनांचा इतिहास बहुतेक वेळा जर्मन कंपास आणि इंग्लिश थिओडोलाइटच्या कौतुकात सांगितला जातो. वऱ्हाडातल्या एका गावाच्या बाजूनं तो पाहिला की वेगळीच गोष्ट ठळक होते. इथल्या मोजणीनं आपल्या सामानावर पूर्ण विश्वास कधीच ठेवला नाही, आणि त्या अविश्वासातूनच तिची सगळ्यात टिकाऊ पद्धत तयार झाली.

जमीन मोजण्याची परंपरा या मुलखात इंग्रजांच्या फार आधीची आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनानं अचलपूरजवळचं चम्मक गाव दान दिलं, त्या पाचव्या शतकातल्या ताम्रपटात गावाचं क्षेत्र ८००० भूमी असं नोंदलं आहे आणि ते राजमानानं, म्हणजे सरकारी मापानं मोजल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तेव्हाही मापं एकाहून जास्त होती आणि कोणतं माप खरं धरायचं हे लिहून ठेवावं लागत होतं. पुढे ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त आठ यवांचं एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात आणि दहा हातांचा एक वंश अशी कोष्टकं दिली. वीस वंश लांब आणि वीस वंश रुंद असं क्षेत्र म्हणजे एक निवर्तन. वंश म्हणजे बांबू. लांबी मोजण्याचं खात्रीचं साधन म्हणून बांबूची निवड विचारपूर्वक झालेली आहे, कारण तो दोरासारखा ताणला जात नाही.

दोराचा दोष अकबराच्या दरबारातही लक्षात आला होता. अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवलं आहे की तागाचा दोर ओला झाला की आखडतो आणि कोरडा असला की लांबतो, त्यामुळे मोजणीत लबाडीला वाव राहतो, म्हणून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब वापरात आणली गेली. सकाळच्या दवात भिजलेल्या आखूड दोरानं मोजलं तर शेत कागदावर मोठं होतं आणि सारा वाढतो. रयतेला हे कळायला कुठल्या गणिताची गरज नव्हती. १५९६च्या सुमारास वऱ्हाड मोगलांकडे आलं आणि ‘आईन’मध्ये वाशीम हे त्या सुभ्यातलं एक सरकार म्हणून नोंदलं गेलं. सतराव्या शतकाच्या मध्यावर मुर्शीद कुली खानानं दख्खनमध्ये मोजणीवर आधारलेली सारापद्धत आणली. त्याच शतकात शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली पाच हात पाच मुठींच्या काठीनं जमिनी मोजल्या गेल्या. वीस काठ्या लांब-रुंद म्हणजे एक बिघा आणि १२० बिघे म्हणजे एक चावर, हा हिशेब सभासद बखरीनं जपून ठेवला आहे.

या सगळ्या मोजण्यांमध्ये एक गोष्ट मात्र नव्हती, ती म्हणजे शेताची आकृती. क्षेत्र आकड्यात उतरत होतं, शेताचा आकार कागदावर उतरत नव्हता. चतुःसीमा शब्दांत लिहिल्या जात: पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याचं शेत, दक्षिणेला पांदण. ओढ्यानं पात्र बदललं किंवा शेजारचं शेत विकलं गेलं की ती नोंद लंगडी पडायची.

आकृती आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही एका फसलेल्या प्रयोगानंतर. पुणे जिल्ह्यात रॉबर्ट प्रिंगल यानं १८२०च्या दशकाच्या अखेरीस केलेली मोजणी आणि आकारणी रयतेला झेपली नाही. गावंच्या गावं ओसाड पडू लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६पासून इंदापूर तालुक्यात नव्यानं काम सुरू केलं. त्यांची पद्धत १८४७च्या संयुक्त अहवालात पक्की झाली आणि मुंबई इलाख्याची पद्धत म्हणून रूढ झाली. १८५३च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि १८६०च्या दशकात हीच पद्धत इथे आली. तोपर्यंत वऱ्हाडच्या शेतकऱ्यानं बरंच सोसलं होतं. नागपूरकर भोसले आणि निजाम यांच्या दुअमलीत दोघांचे वसुलीदार गावात येत, आणि पुढे वसुलीचे मक्ते सावकारांना दिले गेले. ज्याला आपल्या शेताचं नेमकं क्षेत्र आणि नेमका सारा कागदावर दाखवता येत नाही, त्याला मक्तेदारापुढे उभं राहणं किती कठीण जात असेल, याची कल्पना करता येते. परक्या सरकारनं आपल्या महसुलासाठी ही मोजणी केली यात शंका नाही. तरीही शेताची हद्द पहिल्यांदाच पाटलाच्या शब्दाबाहेर, कुणालाही तपासता येईल अशा कागदावर गेली, हे तिचं श्रेय कबूल केलं पाहिजे.

त्या मोजणीचं मुख्य हत्यार म्हणजे साखळी. इंग्लंडात एडमंड गुंटरनं १६२०मध्ये रूढ केलेली साखळी ६६ फुटांची आणि शंभर कड्यांची होती. मुंबई इलाख्यानं तिच्या अर्ध्या लांबीची, ३३ फुटांची साखळी घेतली आणि तिचे शंभर भाग न पाडता सोळा आणे पाडले. एक आणा पावणेपंचवीस इंचांचा. ज्या माणसाला रुपयाचे आणे तोंडपाठ आहेत, त्याला साखळीचे आणे वेगळे शिकवावे लागत नाहीत. त्याहून मोठी सोय क्षेत्राच्या हिशेबात होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे बरोबर एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. साखळ्यांना साखळ्यांनी गुणलं की उत्तर थेट गुंठ्यात. परकं माप आणि देशी हिशेब यांची इतकी चोख सांगड घालणारं दुसरं साधन या काळात क्वचितच सापडेल.

साखळीच्या जोडीला शंकू. खाली लोखंडी अणी बसवलेली काठी आणि तिच्या डोक्यावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन खाचा पाडलेला लाकडी ठोकळा, एवढंच ते यंत्र. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळी टाकत जायचं, ही पायारेघ. त्या रेघेवर शंकू रोवून एका खाचेतून पायारेघेचं टोक धरायचं आणि दुसऱ्या खाचेतून बाजूचा कोपरा दिसेपर्यंत शंकू पुढे-मागे सरकवायचा. कोपरा नेमका खाचेत आला की त्या ठिकाणाहून कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. भिंग नाही, अंशांची तबकडी नाही. गावचा सुतार सकाळी बसला तर संध्याकाळपर्यंत करून देईल असं हे साधन, आणि शेकडो गावांची शेतं त्यानं मोजली गेली.

हे मोजमाप जिथे टिपलं जाई, तो कागद म्हणजे टिपण. त्यावर शेताची हातानं काढलेली आकृती असते, पण ती प्रमाणात नसते. पायारेघ मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना लंब, आणि प्रत्येक ठिकाणी साखळ्या-आण्यांचे आकडे. समजा, चौकोनी शेताची पायारेघ १२ साखळ्यांची आहे, डावीकडचा लंब ५ साखळ्यांचा आणि उजवीकडचा ४ साखळ्यांचा. डाव्या त्रिकोणाचं क्षेत्र ३० गुंठे, उजव्याचं २४. एकूण ५४ गुंठे, म्हणजे १ एकर १४ गुंठे. हा हिशेब गुणाकार बुकात चढे, तिथून आकारबंदात, म्हणजे क्षेत्र आणि साऱ्याच्या नोंदवहीत, जाई आणि शेवटी साऱ्याची रक्कम ठरे. मराठी चौथीपर्यंत शिकलेला शेतकरीही तो पडताळून पाहू शकत होता.

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण या सगळ्या व्यवस्थेचं मर्म इथेच आहे. टिपणावरची आकृती वेडीवाकडी असली तरी चालते, कारण शेताची हद्द आकृतीत साठवलेली नाही, ती आकड्यांत साठवलेली आहे. कागद भिजला, घडीवर फाटला, पिवळा पडून आक्रसला, तरी ‘डावीकडे ५ साखळ्या’ हा मजकूर आक्रसत नाही. गाव नकाशा मात्र पट्टीनं मोजून वाचायचा असतो. त्याचा कागद शंभरात एका भागानं आखडला, तर दर इंचामागे साडेसहा फुटांची चूक शिवारात जाते. म्हणून हद्दीचा वाद आला की अनुभवी मोजणीदार आधी टिपण मागतो, नकाशा नंतर. नकाशा दिसायला देखणा असतो आणि लोकांचा विश्वास त्याच्यावर चटकन बसतो. पण पुराव्याच्या बाजूनं टिपण त्याच्या कितीतरी पुढे आहे, हे गावोगाव माहीत व्हायला हवं.

साखळीचंही तसंच. प्रत्येक कडीच्या जोडावर लोखंड लोखंडावर घासतं. रोज ओढून प्रत्येक जोड केसभर झिजला तरी सगळे जोड मिळून साखळी लांबते. ३३ फुटांची साखळी दोन इंचांनी लांबली, तर दहा एकरांचं शेत मोजणीत चार गुंठ्यांनी कमी भरतं. उलट एखादी कडी वाकली की साखळी आखूड होते आणि शेत वाढतं. त्यामुळे साखळी ठरावीक काळानं प्रमाण मापाशी ताडून पाहणं हा कामाचाच भाग होता. विल्यम लॅम्ब्टनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात तर पायाची रेघ मोजताना रॅम्सडेनची शंभर फुटी पोलादी साखळी उन्हानं तापून वाढू नये म्हणून तिच्यावर सावली धरत आणि तापमान लिहून ठेवत. ते सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत असतानाच लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याच्या सर्वेक्षणाची दक्षिणोत्तर रेघ, म्हणजे महाकमान, ७८ रेखांशाच्या आसपासनं गेली आहे, म्हणजे मानोऱ्याच्या शिवारापासून ती फार लांब नाही. त्या मोजणीत इंचाचा अंशही सोडायचा नव्हता. गावच्या मोजणीला तेवढा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून तिनं यंत्रात पैसे न घालता लिहिण्याची शिस्त कडक ठेवली.

मोजणीबरोबर प्रतवारी चाले, आणि तिचीही एक आकृती असे. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात खड्डा खणत, मातीची खोली हातांत मोजत आणि चुनखडी, वाळू, उतार असे दोष खुणांनी दाखवत. पावणेदोन हात खोल निर्दोष काळी जमीन सोळा आण्यांची. तिथून आणे उतरत जात. लहानशा कागदावर मातीचा असा छेद मांडणारी ती छोटी चित्रं आखणीच्या इतिहासात कुणी धरत नाही. वास्तविक वऱ्हाडातल्या जमिनीचं इतकं बारकाईनं केलेलं पहिलं चित्रण तेच आहे.

शेतातलं काम उन्हाळ्यात उरकलं की पावसाळ्यात कचेरीत नकाशे काढायला बसत. इथे साधनं बदलतात. फळ्या जोडून केलेला नरम लाकडाचा ड्रॉइंग बोर्ड, त्याच्या कडेला घासून सरकणारा टी-स्क्वेअर, गुण्ये, कर्कटक, कंपास. बोर्डाच्या मागच्या पट्ट्या अशा बसवतात की लाकूड हवेनुसार फुगलं-आखडलं तरी बोर्ड पिळू नये. त्यासाठी स्क्रूची भोकं मुद्दाम लांबट ठेवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आणि जुलैत भिंतींना ओल येणाऱ्या मुलखात ही लांबट भोकं किती मोलाची आहेत हे वेगळं सांगायला नको.

कागदाची निवड हे वेगळंच शास्त्र. दफ्तरासाठी दख्खनमध्ये दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद नावाजलेला होता. खळ लावून, दगडानं घोटून तो इतका गुळगुळीत करत की बोरूची मोडी त्यावर न अडखळता धावायची. पण घोटलेल्या पातळ कागदावर पाण्याचा रंग पसरवता येत नाही आणि खोडलं की थर उचकटतो. नकाशासाठी जाड, न घोटलेला, चिंध्यांच्या लगद्याचा कागद लागे. इंग्लंडातल्या व्हॉटमन गिरणीचा कागद त्यासाठी जगभर वापरला जाई. महत्त्वाचे नकाशे मागून कापडावर चिकटवत, म्हणजे घडी पडली तरी ते तुटत नसत.

मग रूलिंग पेन. आज हे हत्यार कुणाच्या हातात दिलं तर ते लिहिण्याचं आहे हेही ओळखू येणार नाही. पोलादाची दोन पाती, मध्ये हवेइतकी फट, आणि ती कमी-जास्त करणारा एक बारीक स्क्रू. शाईत ते बुडवायचं नसतं. पिसानं किंवा काडीनं शाईचा एक थेंब दोन पात्यांच्या मध्ये सोडायचा, बाहेरच्या बाजूला लागलेली शाई पुसायची, पेन पट्टीला टेकवून उभं धरायचं आणि एका दमात, एका वेगानं रेघ ओढायची. थेंब मोठा झाला तर सुरुवातीलाच डाग. पेन पट्टीकडे कललं तर शाई पट्टीखाली शिरते आणि आठवड्याचं काम जातं. मधेच हात थांबला तर त्या जागी रेघ जाड होते. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यात थेंब पात्यांमध्येच सुकतो, म्हणून दर काही रेघांनी पेन ओल्या फडक्यानं साफ करावं लागे. काजळ आणि बाभळीच्या डिंकाची देशी शाई बोरूला उत्तम. पण पाणी लागलं की ती सुटते. नकाशाला लाख घातलेली पक्की काळी शाई लागे, आणि ती पात्यांवर सुकली तर खरवडूनच काढावी लागे.

मूळ नकाशावरून प्रती काढायला ट्रेसिंग क्लॉथ होतं. तलम कापडावर खळीचा दाट थर देऊन ते दाबलेलं असे. एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. मंद बाजूवर खडूची पूड घासून, तेलकटपणा काढून शाई चालवत. मँचेस्टरच्या विंटरबॉटम कंपनीचं हे कापड साम्राज्यभर जाई. ज्या वर्षांत वऱ्हाडची शेतं मोजली जात होती, त्याच वर्षांत, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडचा कापूस ‘उमरा’ नावानं, म्हणजे उमरावतीच्या नावानं, लिव्हरपूलच्या बाजारात विकला जात होता. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. जमिनीची मोजणी, कापसाचा भाव आणि रेल्वे या तीन गोष्टी वऱ्हाडात एकत्र आल्या, आणि त्या एकमेकींपासून सुट्या करून समजून घेता येत नाहीत. ट्रेसिंग क्लॉथचं पुढचं आयुष्यही लक्षात ठेवण्यासारखं आहे. रद्द झालेला नकाशा गरम पाण्यात भिजवला की खळ निघून जाई आणि खाली मऊ, पांढरं कापड उरे. ड्राफ्ट्समनच्या घरी त्याचे रुमाल आणि लहान मुलांची झबली होत.

छपाई पुण्यात होई. जस्ताच्या पत्र्यावर फोटोच्या साहाय्यानं नकाशा उतरवून छापणारं सरकारी फोटोझिंको मुद्रणालय आजही त्याच नावानं ओळखलं जातं. इमारती, पूल आणि कालव्यांच्या आराखड्यांसाठी मात्र ब्ल्यूप्रिंट आली. जॉन हर्शेलनं १८४२मध्ये शोधलेली ही रीत सोपी आहे: लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवायचं, काचेखाली दाबून उन्हात धरायचं आणि मग कागद साध्या पाण्यात धुवायचा. ऊन लागलेली जागा निळी, रेघ पांढरी. पुढे अमोनियाच्या वाफेवर उमटणाऱ्या प्रती आल्या आणि बांधकाम खात्याच्या नकाशा विभागांना तो डोळ्यांत पाणी आणणारा वास चिकटला.

ही सगळी विद्या मराठीत शिकवण्याचा प्रयत्न फार लवकर झाला होता, हे आज बहुतेकांना माहीत नसतं. १८२०च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यानं एतद्देशीय मुलांसाठी इंजिनिअरिंगचा वर्ग चालवला आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंतांच्या मदतीनं भूमितीची व गणिताची पुस्तकं मराठीत तयार केली. १८५४मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, त्याचंच पुढे कॉलेज झालं, आणि शिक्षणाची भाषा इंग्रजी झाली. मराठीत घडत आलेली परिभाषा तिथे तुटली. शाळेच्या पुस्तकात गुण्या, कर्कटक आणि कोनमापक उरले. त्यापुढचं सारं सेट स्क्वेअर, डिव्हायडर आणि प्रोट्रॅक्टर. ही तूट अजून भरून निघालेली नाही.

साधनं मात्र हळूहळू गावापर्यंत आली. दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या उद्योगातून कॅम्लिन उभी राहिली, आणि तिची पत्र्याची कंपास पेटी जून महिन्यात तालुक्याच्या दुकानातून खेड्यातल्या दप्तरात जाऊ लागली. १९५८मध्ये सुरू झालेल्या हिंदुस्तान पेन्सिल्सच्या नटराज आणि अप्सरा आल्या. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांनी विदर्भातल्या शाळाशाळांत भूमितीची आखणी आणि अक्षरलेखन पोचवलं. ज्या मुलांच्या घरी रंगाची पेटी नव्हती, त्यांनीही एका पट्टीवर आणि एका कंपासवर पंचकोन, षटकोन आणि लंबवर्तुळं घोटून काढली. ड्राफ्ट्समन किंवा मोजणीदाराच्या नोकरीकडे जाणारी वाट पुष्कळांसाठी त्या परीक्षेच्या खोलीतूनच निघाली.

१९५०मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४चं, शेगावचं खासगी महाविद्यालय १९८३चं. पाठीला अडकवलेला मिनी ड्राफ्टर, हातात शीटची नळी आणि पिशवीत एन. डी. भट यांचं जाडजूड पुस्तक, ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची खूण एसटीच्या प्रत्येक गाडीत दिसे. रूलिंग पेनची जागा जर्मन रोटरिंगनं घेतली. नळीच्या जाडीइतकीच रेघ, हाताच्या कसबावर अवलंबून नसलेली. ०.२, ०.३, ०.५ असे पेनांचे संच महाग असत, म्हणून दोघातिघांत मिळून एक संच घेतला जाई. १९८२मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं आणि नव्वदच्या दशकात ते आपल्याकडे रुळलं. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत पेन, बोर्ड, अमोनिया सगळं मागे पडलं.

जमीन मोजणीत बदल त्याहून सावकाश झाला. वाटणीनंतरचे पोटहिस्से मोजायला तीन पायांवरची प्लेन टेबलची फळी कितीतरी वर्षं वापरात राहिली: शेतात उभं राहून, दृष्टिपट्टीनं खुणा धरून, तिथल्या तिथे कागदावर आकृती काढायची. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, तेव्हाही मोजणीदार अशाच फळ्या घेऊन फिरत होते. आता इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन आणि उपग्रहाशी जोडलेले रोव्हर आले. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननं होऊ लागली. घराची जी आकृती पूर्वी कधी काढलीच गेली नव्हती, ती मिळकत पत्रिकेवर आली.

रोव्हर जागेवर काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक असतो. पण शेताची मूळ हद्द कुठे होती हे त्याला माहीत नसतं. ते त्याला सांगावं लागतं. जुने गाव नकाशे स्कॅन करून संगणकावर चढवले की कागदाची घडी, आक्रसलेली कड, शाईची जाडी हे सारं त्यांच्याबरोबर चढतं. मग नकाशावरून निघणारं क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळत नाही, आणि शेतकरी दोन सरकारी कागदांच्या मध्ये उभा राहतो. यावर खरा इलाज एकच: मूळ टिपणातल्या आकड्यांवरून आकृती नव्यानं काढणं आणि ती जमिनीवरच्या जुन्या दगडांशी ताडून पाहणं. हे काम वेळखाऊ आहे, त्याला साखळी-आण्याचा हिशेब आणि मोडी वाचता येणारी माणसं लागतात, आणि तशी माणसं निवृत्त होत आहेत. रोव्हरवर होणाऱ्या खर्चाचा थोडा वाटा या प्रशिक्षणावर झाला तर पुढची पुष्कळ भांडणं टळतील.

शेतकऱ्याच्या बाजूनं करण्यासारखं बरंच आहे. मोजणीचा अर्ज केल्यावर मिळणाऱ्या ‘क’ प्रतीवर हद्द पटली नाही, तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. त्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या नंबरच्या टिपणाची, आणि मिळाली तर गुणाकार बुकाची नक्कल काढून घ्यावी. ती वाचताना मधली लांब रेघ ही पायारेघ, तिच्यावरचे आकडे सुरुवातीपासूनची अंतरं, आणि बाजूला गेलेल्या रेघांवरचे आकडे हे लंब. आणे सोळांनी भागून साखळीत मिळवायचे, त्रिकोणांचे गुंठे काढायचे आणि बेरीज करायची. एक गुंठा म्हणजे १.०१ आरहून किंचित जास्त. त्यामुळे वरच्या उदाहरणातलं १ एकर १४ गुंठ्यांचं शेत सातबाऱ्यावर सुमारे ०.५५ हेक्टर दिसायला हवं. तसं दिसत नसेल, तर फरक कोणत्या नोंदीत आणि कोणत्या वर्षी पडला हे फेरफारांमधून मागे मागे जात शोधता येतं.